डोलआबांचा खोटा सूर

आमचे प्राचार्य साधं बोलायचे ते पांढरी दोनमध्ये आणि रागावले की काळी चारला जायचे, असं डोलआबांचं ठाम मत होतं. ज्यांनी कधी पेटी वाजवली नसेल त्यांच्यासाठी सांगते, काळी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. पुरुषमाणसाने तिथे जाऊन बोलणं काही बरं नव्हे. प्राचार्यांच्या खोलीतून आवाज यायला लागला की पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेच्या दारात स्टुलावर बसलेले आबा मान कलती करायचे, डोळे मिटायचे आणि आम्हाला सांगायचे, "आजून काळी तीनवरच शेतस. बठा निवांत." मग एकदम उठून झाडू हातात घ्यायचे. म्हणजे सूर चढला आणि आता स्वारी बाहेर येणार, हे आम्ही ओळखायचो.

माणसाचं नाव लक्षात राहिलं नाही तरी त्याची पट्टी त्यांच्या लक्षात राहायची. मी प्रवेश घेतला त्या दिवशी त्यांनी मला नाव आणि गाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान कलती केली. "कोरीटनी का? पांढरी सहा. घाबरेल शे, म्हनीसन. घरी पांढरी चार ऱ्हाशी." मी खरंच घाबरलेली होते. कोरीटहून बसने रोज नंदुरबारला येणारी, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि इथे तर सगळी उपकरणं इंग्रजीत. आबांनी माझी भीती दोन पट्ट्या उंच आहे असं मोजून सांगितल्यावर ती निदान मोजता येण्यासारखी वाटली.

आबा प्रयोगशाळेचे परिचर होते. शिक्षण नववी. उपकरणं काढून देणं, पुसून ठेवणं, फुटलं तर कुणी फोडलं ते सरांना न सांगणं, ही त्यांची कामं. उरलेल्या वेळात ते आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या सुरात लावून द्यायचे. दोन जवळजवळ सारखे सूर एकदम वाजले की आवाज एकसारखा राहत नाही. तो मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो, झोक्यासारखा. आमच्या पुस्तकात त्याला विस्पंद असं नाव होतं. आबा त्याला डोल म्हणायचे. "आयक, कसा डोली ऱ्हायना!" हे वाक्य दिवसातून दहादा तरी कानावर पडायचं. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. हजेरीपटावर दुसरं होतं, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून कोण आलंय ते बघायचे.

डॉप्लर परिणाम आम्हाला सरांनी फळ्यावर शिकवला. ध्वनीचा स्रोत जवळ येत असेल तर कंपसंख्या वाढलेली भासते, दूर जात असेल तर कमी झालेली भासते. सरांनी बाण काढले, सूत्र लिहिलं, आम्ही उतरवून घेतलं. वर्गात कुणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. दारात उभ्या असलेल्या आबांना राहवलं नाही. "सर, फळावर ते काय दिसस? धा मिनिट पोरेस्ले रस्तावर लई जाऊ का?" सर भले होते. हो म्हणाले.

आबांनी आम्हा सगळ्यांना कॉलेजच्या भिंतीशी शहाद्याच्या रस्त्याकडे पाठ करून उभं केलं. मागून मिरचीचा ट्रक भोंगा वाजवत आला आणि निघून गेला. आम्हाला ओलांडताना भोंग्याचा सूर खाली उतरला. लहानपणापासून हजार वेळा ऐकलेली गोष्ट, पण तो उतरतो हे मला त्या दिवशी कळलं. आबा म्हणाले, "एक सूर उतरना, म्हंजे डायव्हर शहाणा शे. दोन उतरनात ते समजानं, भाऊनं लगन ठरेल शे. नि तीन उतरनात ते त्याना घरनास्ले आगोदर खबर करानी." आम्ही हसलो. सर मात्र वहीत काहीतरी मांडत बसले होते. मग त्यांनी वर बघितलं. एक सूर, म्हणजे पेटीवरची काळी-पांढरी धरून एक पट्टी, उतरला तर ताशी छत्तीस किलोमीटरच्या आसपास, दोन म्हणजे सत्तर, तीन म्हणजे शंभरच्या वर. आबांचा हिशोब सूत्राला धरून होता. सरांनी दुसऱ्या दिवसापासून त्यांना 'अहो आबा' म्हणायला सुरुवात केली.

ही बातमी बसच्या ड्रायव्हरांपर्यंत गेली. त्यानंतर शहाद्याची सकाळची बस कॉलेजवरून जाताना भिंतीच्या अलीकडून पलीकडपर्यंत भोंगा वाजवत जायची, आणि परतताना ड्रायव्हर खिडकीतून ओरडून विचारायचा, "आबा, कितला?" आबा बोटांनी दाखवायचे. एकदा त्यांनी अडीच बोटं दाखवली तेव्हा म्हणे त्या ड्रायव्हरने आठवडाभर बस हळू चालवली.

घरी मात्र त्यांच्या कानाचं कुणाला कौतुक नव्हतं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आबांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की तुझा आवाज चांगला आहे पण पांढरी सातला जरा किनरा होतो. "तवयपाईन मी सातवरच बोलस," जिजी आम्हाला हसत सांगायच्या. कुकरची तिसरी शिट्टी पहिल्या दोन शिट्ट्यांपेक्षा उतरली तर आबा ताटावरून उठून कुकरची रबरी कडी तपासायचे, आणि जिजी त्यांना म्हणायच्या, "ती कडी तुम्हीच खा, नि डाय मी पेस."

प्रयोगशाळेत माझी खरी शिकवणी त्यांच्याकडेच झाली. नादकाटा, म्हणजे ठोकला की एकच सूर देणारा दुबोटी काटा, हातोडीने मारायचा नाही, रबरावर मारायचा, आणि रबर नसेल तर स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर. "लोखंडवर ठोकं म्हंजे तो रडस. रडनारले सूर ईचारशी का तू?" दोन नादकाट्यांमधला डोल मोजायचा तो घड्याळ बघून नाही, आधी कानाने ओळखायचा आणि मग घड्याळाने पडताळायचा. मी दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत सेकंदाला चार डोल आणि पाच डोल यांतला फरक मला घड्याळाशिवाय कळायला लागला होता. त्याचा मला इतका अभिमान झाला की त्यातून एक घोटाळा घडला.

आमच्याच गावच्या, कोरीटच्या भजनी मंडळाची पेटी वडिलांनी आबांकडे आणून दिली होती. संध्याकाळी सप्ताहाचं कीर्तन होतं. आबांनी दुपारच्या सुट्टीत पेटी उघडली. आत प्रत्येक सुराची एक पितळेची बारीक जीभ असते. ती टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. आबा आपल्याजवळच्या त्याच सुराच्या सुट्या जिभेशी पेटीतली प्रत्येक जीभ ताडून बघायचे, डोल ऐकायचे आणि कानस चालवायचे. अर्ध्यात त्यांना प्राचार्यांनी बोलावलं. जाताना ते म्हणाले, "हात लावजो नको." मी हात लावला.

एका जिभेत चार डोल येत होते. चारचे शून्य करायचे, इतकं तर सोपं. मी मुळाशी घासलं. पाच झाले. मला वाटलं, घासणं कमी पडलं. आणखी घासलं. सात झाले. तेवढ्यात आबा आले. त्यांनी पेटीकडे न बघताच विचारलं, "कोणता बाजूले घासं?"

"मुळाशी."

"कसाले?"

"चार डोल होते म्हणून."

"चार डोल चढेल व्हतात, का उतरेल?"

चार डोल म्हणजे फरक चारचा, हे मला माहीत होतं. पण तो फरक वरच्या बाजूला आहे की खालच्या, हे डोल सांगत नाही. येताना चार आणि जाताना चार, ऐकायला सारखेच. हे मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते.

"घासेल पितय परत येस का वं?" आबा एवढंच म्हणाले. त्यांनी एका मोडक्या पेटीतली जुनी जीभ काढून तिथे बसवली, पण ती पुरती लागण्याआधीच वडील पेटी न्यायला आले. त्या संध्याकाळी कीर्तनात बुवा वरच्या पंचमाला गेले की पेटी वेगळीच वाट धरायची. बुवांनी शेवटी तो सूरच टाळला आणि सगळं कीर्तन खालच्या अंगाने रंगवलं. गावातले लोक अजून सांगतात की त्या वर्षी बुवांना वैराग्य फार उतरलं होतं. मी लाजेपोटी आबांना कधी विचारलं नाही की तुम्हाला चढेल आणि उतरेल कसं कळतं. मला वाटलं, तो त्यांच्या कानाचा चमत्कार असेल.

पदवी झाली, पुढची पदवी झाली, आणि मी सुरतेला एका संस्थेत पीएच.डी.साठी गेले. आमच्याकडे मोठं दुखणं आणि मोठं शिक्षण दोन्ही सुरतेला. विषय मिळाला तोही डॉप्लरचाच, पण आवाजाचा नाही, सूक्ष्मलहरींचा. रडार अशी लहर सोडतं. ती समोरच्या वस्तूवर आपटून परत येते. वस्तू हलत असेल तर परत आलेल्या लहरीची कंपसंख्या किंचित बदललेली असते. किंचित म्हणजे किती? आमची लहर सेकंदाला दहा अब्ज वेळा कंप पावायची, आणि माणूस सेकंदाला एक मीटर या वेगाने चालत आला तर त्यात फरक पडायचा सुमारे सदुसष्ट कंपनांचा. दहा अब्जांत सदुसष्ट. नेहमीच्या विजेच्या मंडलांनी हे करता येतं, पण दहा अब्जांसाठी एक मंडल, चाळीस अब्जांसाठी दुसरं. इथल्या माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, हे काम प्रकाशाकडून करून घ्यायचं. लेझरचा प्रकाश काचतंतूतून न्यायचा, वाटेत एका स्फटिकात त्याच्यावर आपण पाठवलेली लहर लादायची आणि परत आलेली लहरही लादायची. शेवटी तो प्रकाश टिपणाऱ्या उपकरणाच्या डोळ्यावर पाडायचा. तिथे दोन्ही एकमेकींशी भिडतात आणि अब्जांचा सगळा पसारा गळून फक्त फरक उरतो. प्रकाशाला दहा अब्ज काय नि चाळीस अब्ज काय, सारखंच.

फरक उरतो, म्हणजे डोलच की! मला पहिल्या दिवशी पडद्यावर ती हलती रेघ दिसली तेव्हा नंदुरबारची प्रयोगशाळा आठवली आणि हसू आलं. पुढे दोन वर्षं हसू आलं नाही.

कारण यंत्र माणूस किती वेगाने चालतोय ते सांगायचं, पण येतोय की जातोय ते सांगायचं नाही. सरांनी त्यासाठी एक देखणी युक्ती काढली होती. प्रकाशाच्या दोन वाटा करायच्या आणि त्यांच्या तालातलं अंतर बघून दिशा ओळखायची. कागदावर ती सुंदर होती. पण काचतंतूला गारठा सोसत नाही. खोलीतला एसी सुरू झाला की ताल घसरायचा आणि दिशा उलटी व्हायची. आढावा समिती आली त्या दिवशी नेमकं तेच झालं. समितीचे अध्यक्ष म्हणजे भारदस्त गृहस्थ. ते स्वतः उठून हात पुढे करून यंत्राकडे चालत आले. पडद्यावर उमटलं: दूर जात आहे. ते आणखी दोन पावलं पुढे आले. दूर जात आहे. "ये तो हमको भगा रहा है," ते म्हणाले, आणि खरोखरच जेवायला निघून गेले.

निर्णय कागदावर आला. तीन महिन्यांत दिशा दाखवता आली नाही तर माझी नोंदणी रद्द. वडिलांना फोनवर सांगितलं. ते काही वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "मंग घर ये. आखाजी शे. झोका बांधस." त्यांच्या आवाजात निराशा नव्हती, हेच मला जास्त लागलं. मी परत येईन याची तयारी त्यांनी केव्हाच करून ठेवली होती, असं वाटलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी घरी आले. दुसऱ्या दिवशी नंदुरबारला आबांकडे गेले. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ओट्यावर पेटी उघडून बसले होते आणि त्यांच्या दातांत एक लाकडी काडी होती. काडीचं दुसरं टोक पेटीच्या पाटीला टेकवलेलं. मी पाया पडले, त्यांनी काडी न काढताच काहीतरी आशीर्वाद दिला. जिजी आतून म्हणाल्या, "कान गयात त्यास्ना. आते दातघाई आयकतस." खरंच होतं. कानांनी दगा दिल्यावर आबांनी दातांनी डोल ऐकायला सुरुवात केली होती. पेटीचा कंप काडीतून दातात आणि दातातून डोक्यात. "बरं व्हयनं," आबा काडी काढून म्हणाले, "आते फक्त पेटीच ऐकू येस. मानसं नही."

मी त्यांच्या कानाजवळ ओरडून माझी सगळी कहाणी सांगितली. रडार, प्रकाश, अध्यक्ष, तीन महिने. शेवटी म्हटलं, "आबा, मला किती ते कळतं. कुठल्या बाजूला ते कळत नाही."

आबांनी डब्यातल्या आपल्या नेहमीच्या सुट्या जिभांपैकी एक उचलली, जिच्याशी ते पेटीतला तो सूर ताडून बघायचे. "हाई काय शे?"

"तुमचा खरा सूर."

"खरा?" आबा इतक्या जोरात हसले की जिजी बाहेर आल्या. "तीस वरीस व्हयनात, मी खोटा सूर लईसन फिरी ऱ्हायनू. दख. हाऊ सूर मी मुद्दाम चार डोल चढेल ठेवेल शे. समोरना सूर बरोबर व्हई, ते चारच डोल येतीन. पाच ऊनात, म्हंजे तो उतरेल शे. तीन ऊनात, म्हंजे तो चढेल शे. शून्यवर बठीसन दखशी ते दोन्ही बाजू सारख्याच दिसतीन, माय. थोडं बाजूले सरकीसन बठ."

म्हणजे कोरीटच्या पेटीतली ती जीभ चार डोलांवर बरोबरच होती! हा काही जगाला नवा शोध नव्हता. ही युक्ती इंग्रजी नावाने माझ्या पुस्तकात होती, मी ती वाचली होती, तिच्यावर प्रश्नही सोडवले होते. पण सरांची देखणी युक्ती शून्यावर बसलेली होती, आणि सर बसले म्हणून मीही तिथेच बसून राहिले होते. थोडं सरकून बसावं, हे दोन वर्षांत सुचलं नाही.

"आबा, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत? कीर्तनाच्या दिवशी?"

"तू ईचारं का?" आबा म्हणाले आणि काडी पुन्हा दातांत धरली.

सुरतेला परत येऊन मी शेजारच्या प्रयोगशाळेतून एक जादा लहरयंत्र मागून आणलं. ते आमच्या यंत्राच्याच ठेक्याला बांधलं आणि मुद्दाम एक हजार कंपनांनी उतरवून ठेवलं. आता समोर कुणीच हललं नाही तर फरक बरोबर हजार. येणाऱ्याचा हजाराच्या वर, जाणाऱ्याचा हजाराच्या खाली. आबांचा खोटा सूर चढेल होता, माझा उतरेल, एवढाच फरक. सरांना ते आवडलं नाही. "इतना सिंपल?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा देखणी मुलगी नाकारून आलेल्या वरपित्यासारखा झाला होता. पण एसी सुरू करून, बंद करून, दार उघडून, सगळे अत्याचार करून बघितल्यावर त्यांनी गुजरातीत कबूल केलं, "चाल, सारू." हजार कंपनं म्हणजे माणसाला ऐकू येणारा आवाज. म्हणून मी पडद्याच्या जोडीला एक छोटा स्पीकरही लावला.

समितीच्या आदल्या दिवशी जिजींचा फोन आला. आबांना कानाचं यंत्र बसवायला सुरतेला आणलं होतं, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी संध्याकाळी होती, आणि आबा हट्ट धरून बसले होते की पोरीची पेटी बघितल्याशिवाय जाणार नाही. मी म्हटलं, उद्या माझा निकाल आहे, उद्या नको. जिजींनी तिकडे ओरडून सांगितलं आणि मला परत येऊन सांगितलं, "ते म्हनतस, उद्याच येऊ."

दोघं आली. आबा नवं धोतर नेसून, कानात नवं यंत्र घालून. समितीपुढे सर जरा अवघडले, पण मी सांगितलं, "हे माझे शिक्षक." अध्यक्षांनी नमस्कार केला. मग कुणीतरी यंत्रासमोर चालावं असं ठरलं तेव्हा अध्यक्षांनी हात जोडले. "मैं नहीं. पिछली बार इसने मुझे निकाल दिया था." आबांना काय चाललंय ते कळलं असावं. ते उठले.

ते समोरून माझ्याकडे चालत आले आणि स्पीकरचा सूर चढला. पडद्यावर उमटलं: जवळ येत आहे. तेवढ्यात खोलीत एक तीक्ष्ण शीळ सुरू झाली. सर उडाले. त्यांनी जोडण्या दाबून बघितल्या, मी लहरयंत्र तपासलं, समितीतल्या एका मॅडमनी टेबलाखाली वाकून बघितलं. शीळ थांबेना. अध्यक्षांच्या भुवया वर चढू लागल्या. आबा मात्र मान कलती करून उभे. "सरस्ले सांग, यंत्रमा काहीतरी कोकली ऱ्हायनं. पांढरी सातना बी वर शे."

"यंत्रमा नही!" जिजी मागून म्हणाल्या. "तुमना कानमा कोकली ऱ्हायनं!" त्या पुढे आल्या, आबांच्या कानातलं नवं यंत्र त्यांनी उपटून काढलं आणि बटव्यात टाकलं. शीळ थांबली. सगळ्यात आधी अध्यक्ष हसले.

"अब जाके दिखाइए, दादा," ते म्हणाले आणि हाताने दाराकडे खूण केली. आबांना आता काहीच ऐकू येत नव्हतं, पण खूण कळली. त्यांनी पाठ केली आणि उघड्या दारातून लांबलचक मार्गिकेत चालू लागले. सूर हजाराच्या खाली उतरला. दूर जात आहे. मी हाक मारली, "आबा, पुरे! या परत!" ऐकू येणार कुणाला? ते चालतच राहिले. वाटेत शिपाई भेटला, आबा थांबले, त्याला हात जोडले. सूर हजारावर आला. पुन्हा निघाले, सूर उतरला. झाडणाऱ्या बाई भेटल्या, थांबले. पुन्हा निघाले. दुसऱ्या प्रयोगशाळेचे परिचर भेटले, तिथे जास्त वेळ थांबले. सगळी समिती पडद्याभोवती गोळा झाली होती. अध्यक्ष सामन्याचं वर्णन करावं तसे सांगत होते, "रुके... चले... फिर रुके." दाराकडे कुणी बघतही नव्हतं. बघायची गरजच उरली नव्हती. निर्णयाच्या कागदावर त्यांनी तिथेच सही केली.

आबा सापडले ते तळमजल्यावर, कँटीनमध्ये, शिपायांबरोबर चहा पिताना. मी ओरडून सांगितलं की नोंदणी राहिली, आबा, मी राहिले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. कानात यंत्र नव्हतं, तरी म्हणाले, "पांढरी चारवर ऊनी ना आते?" स्टेशनवर गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला. इंजिनाने भोंगा दिला, पण त्यांनी मान कलती केली नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नसावा.

त्या हिवाळ्यात आबा गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. जिजींना भेटायला गेले तर त्या अगदी खालच्या आवाजात बोलत होत्या. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

प्रबंधात दूर जाणाऱ्या माणसाची नोंद म्हणून मी आबांचाच आलेख घातला आहे. सर म्हणाले, मधले थांबे कापून टाक, रेघ स्वच्छ दिसेल. मी नको म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. आलेखाखाली नियमाप्रमाणे लिहिलं आहे: लक्ष्य, चालणारा मनुष्य, दूर जाताना.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. रेघ तीन ठिकाणी हजारावर का येते? मी म्हटलं, तिथे ते नमस्कार करायला थांबले होते, सर. परीक्षकांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी रेघेच्या शेवटावर बोट नेलं. इथे ती हजारावर येते आणि नंतर काहीच नाही, सरळ जाते. "इथे लक्ष्याचं काय झालं?"

"इथे जिना लागला, सर," मी म्हटलं. "ते खाली चहाला गेले."